गुणसूत्रे मोजावीत की वाचावीत?

सुगी आटोपली की आमच्या धाराशिव जिल्ह्यात धनगरांचे कळप दिसू लागतात. खतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात. शंभर-दीडशे मेंढ्या आणि त्यांच्या अधूनमधून दहा-वीस काळ्याभोर, लोंबत्या कानांच्या उस्मानाबादी शेळ्या. जिल्ह्याचे नाव २०२३ साली बदलले, शेळीचे मात्र तेच राहिले. ही सगळी जनावरे एकाच माळावर चरतात, एकाच ओढ्याचे पाणी पितात आणि रात्री एकाच वाघुरीत बसतात.

असाच एक कळप पाहून अकरावीतल्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, शेळ्यामेंढ्या जन्मभर एकत्र राहतात. मग त्यांचे मिश्र पिल्लू कधी दिसत कसे नाही?” मी तोंड उघडण्यापूर्वीच त्याच्या मित्राने उत्तर दिले, “शेळीची गुणसूत्रे साठ आणि मेंढीची चोपन्न. संख्या जुळत नाही म्हणून.”

परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळाले असते. मी पदार्थविज्ञान शिकवतो. आकडा ऐकला की आमच्या मनाचे लवकर समाधान होते. मीही मान डोलावली आणि आम्ही पुढे निघालो. पुढे या विषयावरचे वाचन वाढले, तेव्हा लक्षात आले की ते उत्तर अर्धेच खरे होते आणि मी त्याला विनाकारण पसंती दिली होती. अर्धे खरे उत्तर चुकीच्या उत्तरापेक्षा अधिक घातक असते, कारण त्याने प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. म्हणून तो प्रश्न आज पुन्हा उघडावा म्हणतो.

आरंभीच शब्दांचा एक खुलासा करतो. या लेखात ‘जाती’ हा शब्द जीवशास्त्राच्या अर्थाने घ्यायचा आहे. ज्या प्राण्यांचा निसर्गात आपसांत संकर होतो आणि ज्यांची संतती पुढे प्रजननक्षम राहते, त्यांची मिळून एक जाती. उस्मानाबादी, सिरोही, बोअर या शेळ्यांच्या निरनिराळ्या जाती नव्हेत. ते एकाच जातीचे ‘वाण’ आहेत. आणि माणसे म्हणाल, तर पृथ्वीवरची सगळी माणसे मिळून जीवशास्त्राच्या दृष्टीने एकच जाती होते. समाजाने पाडलेल्या जातींचा या शब्दाशी काडीचाही संबंध नाही.

साठाचे चोपन्न कसे होतात?

प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनएचे लांबच लांब धागे असतात. पेशीचे विभाजन होताना हे धागे गुंडाळले जाऊन आखूड व जाड होतात, तेव्हा ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. हीच गुणसूत्रे. त्यांच्यावर जनुके ओळीने मांडलेली असतात. प्रत्येक गुणसूत्राच्या सामान्यतः दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून.

आता अशी कल्पना करा की एक मोठा ग्रंथ तीस सुट्या खंडांत बांधलेला आहे. एका बाइंडरने त्यांतले सहा खंड घेतले, दोन-दोन एकत्र शिवले आणि त्यांचे तीन जाड खंड केले. आता कपाटात सत्तावीस खंड दिसतील. पण ग्रंथातला मजकूर कमी झाला काय? एक ओळही नाही.

शेळी आणि मेंढी यांच्या बाबतीत नेमके असेच घडलेले आहे. शेळीच्या गुणसूत्रांचे तीस प्रकार. प्रत्येकाच्या दोन प्रती, म्हणून साठ. लिंगनिश्चिती करणारी गुणसूत्रे सोडली तर ती सगळी एकभुजी, म्हणजे जवळजवळ एका टोकालाच गुणसूत्रबिंदू असलेली. मेंढीत मात्र तीन जोड्या मोठ्या आणि द्विभुजी आहेत. त्यांच्या पट्ट्यांचा नमुना शेळीच्या गुणसूत्रांशी ताडून पाहिला, तेव्हा आढळले की मेंढीचे पहिले गुणसूत्र म्हणजे शेळीची पहिले व तिसरे ही दोन सांधलेली, दुसरे म्हणजे दुसरे व आठवे, आणि तिसरे म्हणजे पाचवे व अकरावे. वहीत हिशेब करून पाहा. मेंढीच्या सहा द्विभुजी गुणसूत्रांच्या भुजा बारा आणि उरलेल्या ४८ एकभुजींच्या ४८. बेरीज ६०! आकडा चोपन्न असला तरी भुजा साठच आहेत.

म्हणजे शेळीपाशी मेंढीपेक्षा सहा गुणसूत्रांचा मजकूर अधिक आहे ही समजूत चुकीची आहे. फरक मुख्यतः बांधणीचा आहे. अर्थात दोघींचे पूर्वज वेगळे झाल्यानंतरच्या लाखो वर्षांत मजकुरातली अक्षरेही ठिकठिकाणी बदलली आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे कामाला येणार आहे.

सांध्याची किंमत किती?

अशा सांध्यामुळे अडचण कोठे येते? युग्मके तयार होताना. त्या वेळी अर्धगुणसूत्री विभाजनात प्रत्येक गुणसूत्र आपल्या जोडीदाराला शोधून त्याच्याशेजारी लागते आणि मग दोघे दोन दिशांना जातात. एका पालकाकडून सांधलेले गुणसूत्र आले आणि दुसऱ्याकडून दोन सुटी आली, तर जोडीऐवजी तिघांचे त्रिकूट बनते. सांधलेले एकीकडे आणि दोन्ही सुटी दुसरीकडे गेली तर सारे ठीक. वाटणी चुकली तर युग्मकात एखादा खंड कमी किंवा जास्त होतो आणि त्यातून होणारा गर्भ बहुधा टिकत नाही.

अडचण खरी आहे. पण ती केवढी? १९६४ मध्ये स्वीडनमधील गाईबैलांत असा एक सांधा आढळला. पहिले आणि एकोणतिसावे गुणसूत्र जोडले गेले होते. अशा गाईत साठाऐवजी ५९ गुणसूत्रे होती. गाय धडधाकट, दूध व्यवस्थित. गाभ राहण्याचे प्रमाण मात्र थोडे कमी. एवढाच तोटा. ५९ गुणसूत्रांमुळे ती गाय काही वेगळ्या जातीची झाली नाही.

माणसाचे उदाहरण तर आणखी जवळचे. हजारात सुमारे एका माणसात दोन गुणसूत्रे अशी सांधलेली असतात आणि त्याची एकूण संख्या ४६ ऐवजी ४५ भरते. बहुतेकांना जन्मभर त्याचा पत्ताही नसतो. काहींना मात्र वारंवार गर्भपातासारखा त्रास होतो आणि तपासणीत हे कारण कळते.

रानमेंढ्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. लडाखात ‘शापू’ नावाची रानमेंढी आहे, तिची गुणसूत्रे ५८. तिथल्याच ‘न्यान’ या दांडग्या रानमेंढीची ५६. पश्चिम आशियातील मुफ्लॉन मेंढी आणि आपली पाळीव मेंढी यांची ५४. अठ्ठावन्न, छप्पन्न, चोपन्न अशी पायरीपायरीने सांधे वाढत गेलेली ही शिडी आहे. संख्या हीच भिंत असती तर या मेंढ्यांचा संकर झालाच नसता. प्रत्यक्षात इराणच्या एल्बुर्झ पर्वतात ५८ वाल्या आणि ५४ वाल्या रानमेंढ्यांचा मुक्त संकर होतो आणि तेथे ५४ पासून ५८ पर्यंत सगळ्या संख्यांच्या मेंढ्या सुखाने नांदतात.

मग शेळी-मेंढीचे काय? एडका आणि शेळी यांच्यात गर्भधारणा होऊ शकते, पण गर्भ बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच दगावतो. मातेचे शरीर त्याला परका मानून प्रतिकार करते, हे त्याचे एक प्रमुख कारण. म्हणजे पिल्लाची युग्मके बनण्याची वेळ येण्याच्या फार आधीच सारे संपलेले असते. येथे अडसर गुणसूत्रांच्या संख्येचा नाही. मजकुरात लाखो वर्षांत पडलेल्या फरकांचा आहे. एखादे पिल्लू वाचतेही. २००० साली आफ्रिकेतील बोत्सवानात एकत्र पाळलेल्या मेंढा आणि शेळीपासून असे पिल्लू झाल्याची नोंद आहे. त्याची गुणसूत्रे मोजली तेव्हा ती भरली ५७. तीस आणि सत्तावीस, बरोबर बेरीज!

खेचराची साक्ष

“पण सर, खेचराचे काय?” असे तुम्ही म्हणालच. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यागाढवांचा मोठा बाजार भरतो. घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३. त्रेसष्ट ही विषम संख्या, तिच्या जोड्या लागत नाहीत, म्हणून खेचर वांझ. हे कारण आपण सर्वांनी वाचलेले आहे.

आता मंगोलियाच्या गवताळ प्रदेशातला प्रझेवाल्स्की नावाचा रानघोडा घ्या. त्याची गुणसूत्रे ६६. साध्या घोड्याशी त्याचा संकर झाला की शिंगराची गुणसूत्रे ६५ भरतात. ६५ ही संख्याही विषमच! तरीही ते शिंगरू मोठे होऊन सुखाने वंश वाढवते. त्रेसष्टवाले वांझ आणि पासष्टवाले प्रजननक्षम. नियम विषम संख्येचा असता तर असे झाले नसते.

उलगडा मांडणी पाहिली की होतो. साधा घोडा आणि प्रझेवाल्स्की घोडा यांच्यात फरक केवळ एका सांध्याचा. पासष्टाच्या पेशीत एक त्रिकूट बनते आणि बाकीच्या जोड्या बिनबोभाट जुळतात. घोडा आणि गाढव यांच्यात मात्र केवळ दोन गुणसूत्रांचा फरक दिसत असला तरी आत बराच उलथापालथ झालेला मजकूर आहे. कुठे तुकडा उलटा बसलेला, कुठे एका गुणसूत्राचा भाग भलत्याच गुणसूत्राला जोडलेला. खेचराच्या पेशीत जोडीदार एकमेकांना ओळखताना गोंधळतात. तरीसुद्धा हा अडसर शंभर टक्के पक्का नाही. खेचरी व्याल्याच्या विरळा, पण तपासून पाहिलेल्या नोंदी आहेत.

संख्या सारखी आणि मांडणी वेगळी असेही उदाहरण हवे असेल तर मराठवाड्याच्या कपाशीकडे पाहा. नांदेड-परभणीकडची जुनी ‘गावरानी’ कपाशी ही देशी कपाशीची एक जाती, तर गुजरातची ‘वागड’ आणि कर्नाटकातली ‘जयधर’ ही दुसरीच. दोन्ही जातींत गुणसूत्रे सव्वीस. मोजणाऱ्याला काहीच फरक दिसणार नाही. परंतु १९५३ मध्ये डी. यू. गर्स्टेल या शास्त्रज्ञाने दाखवले की या दोन जातींत दोन गुणसूत्रांनी आपापले तुकडे एकमेकांशी बदललेले आहेत. त्यांचा संकर पहिल्या पिढीत जोमदार दिसतो. दुसऱ्या पिढीत मात्र दुबळी, खुरटी झाडे निघू लागतात. केवळ आकड्यावर भरवसा ठेवणाऱ्या पैदासकाराची येथे फसगत होईल.

सह्याद्रीतले भेकर

मांडणीतला बदल किती टोकाला जाऊ शकतो हे पाहायला फार दूर जायला नको. कोयना, चांदोली, राधानगरीच्या रानात भेकर राहते. कुत्र्यासारखे भुंकणारे लहानसे हरीण. १९७० मध्ये डोरिस वुर्स्टर आणि कर्ट बेनिर्श्के यांनी त्याची गुणसूत्रे मोजून प्रसिद्ध केली. मादीत सहा आणि नरात सात! सस्तन प्राण्यांत याहून कमी संख्या आजवर कोठेही आढळलेली नाही. चीनमध्ये त्याचेच एक भाऊबंद भेकर आहे. दिसायला बरेचसे सारखे, पण त्याची गुणसूत्रे ४६.

४६ खंडांचा मजकूर एकापुढे एक जोडला जाऊन अवघ्या सहा खंडांत मावला आहे. आधुनिक तंत्राने हे सांधे एकेक करून ओळखता आले आहेत. आपल्या भेकराने यात काही गमावले काय? ते चरते, पळते, भुंकते, पिल्ले वाढवते. परंतु या दोन भेकरांचा संकर बंदिवासात घडवला गेला, तेव्हा संकरित नरांत शुक्रपेशी तयार होण्याचे काम मध्येच थांबलेले आढळले. एखाददुसरा सांधा चालून जातो, पण अनेक सांधे साचले की वाट बंद होते.

अशी शिवण आपल्या स्वतःच्या पेशीतही आहे. चिंपँझी, गोरिला, ओरांगउटान यांची गुणसूत्रे ४८, माणसाची ४६. आपले दुसरे गुणसूत्र हे पूर्वजांतील दोन गुणसूत्रे टोकाला टोक लागून झालेले आहे. गुणसूत्राच्या टोकाशी जी विशिष्ट अक्षरमाला असते, ती या गुणसूत्राच्या मधोमध, समोरासमोर भिडलेली १९९१ मध्ये सापडली. बाइंडरने जुनी पुठ्ठ्याची कव्हरे आत तशीच राहू द्यावीत, तसे हे झाले.

सांधा रुजतो कसा?

विचारी वाचकाला येथे शंका यावी. पहिल्या सांध्याला थोडा का होईना तोटा होतो. मग निसर्गाच्या निवडीत तो पुसला का जात नाही?

याचे एक उत्तर लहान संख्येत आहे. नाणे हजार वेळा उडवले तर छाप आणि काटा जवळपास निम्मेनिम्मे येतील. चारच वेळा उडवले तर चारही वेळा छाप पडणे मुळीच अशक्य नाही. डोंगरांनी वेगळ्या पाडलेल्या छोट्या वस्तीत थोडा तोट्याचा बदलही केवळ योगायोगाने सर्वांत पसरू शकतो. एकदा तो सर्वांत पसरला की त्रिकूटच बनत नाही आणि तोटाही उरत नाही. पोर्तुगालच्या मदेरा बेटावर माणसाबरोबर गेलेल्या घरउंदरांचे असेच झाले. उंदराची नेहमीची संख्या ४०. मदेराच्या उंच कड्यांनी विभागलेल्या दऱ्यांत मात्र २२ ते ३० गुणसूत्रांचे सहा निरनिराळे गट झाले आहेत. हा शोध २००० साली प्रसिद्ध झाला. उंदीर तेथे पोचून फार तर हजारएक वर्षे झाली असतील. उत्क्रांतीच्या घड्याळात हा एक क्षणच म्हणायचा.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, “म्हणजे मांडणी बदलली काय आणि न बदलली काय, सारा योगायोगाचाच खेळ!” हे दुसरे अर्धसत्य. मांडणीला स्वतःचे महत्त्व आहे. ते पाहण्यासाठी सांधे बाजूला ठेवून उलटलेल्या तुकड्यांकडे वळले पाहिजे.

समजा, एका गुणसूत्रावर ‘क ख ग घ च छ’ असा क्रम आहे. मधला तुकडा तुटला आणि उलटा होऊन बसला, तर क्रम होईल ‘क च घ ग ख छ’. अक्षरे तीच, संख्या तीच. नेहमी जोडीदार गुणसूत्रे आपसांत तुकड्यांची देवाणघेवाण करतात आणि जनुकांची नवी सरमिसळ होते. पण एक सुलट आणि एक उलट अशी जोडी असली की त्या तुकड्यातली देवाणघेवाण झालेली युग्मके बहुधा निकामी ठरतात. परिणामी उलट्या तुकड्यातली सारी जनुके शिदोरीच्या गाठोड्यासारखी एकत्र बांधली जातात आणि पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच जातात. कोरड्या हवेत उपयोगी पडणारी चार जनुके अशा एका गाठोड्यात सापडली तर त्यांची फाटाफूट होत नाही. परिस्थितीशी जुळवून घेण्याच्या, म्हणजेच अनुकूलनाच्या कामी हे फार सोयीचे आहे.

थिओडोसियस डोब्झान्स्की या शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियातील सान जासिंतो पर्वतावर एका रानटी फळमाशीत हे पाहिले. तिच्या तिसऱ्या गुणसूत्राच्या निरनिराळ्या मांडण्यांचे प्रमाण ऋतूप्रमाणे कमीजास्त होत होते, आणि दर वर्षी त्याच क्रमाने. प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यात २५ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवलेल्या माश्यांतही हे प्रमाण बदलून एका ठरावीक पातळीवर येऊन स्थिरावले. नैसर्गिक निवड जनुकांच्या मांडणीवर काम करताना डोळ्यांनी दिसली ती अशी.

गोठ्यातला डास

हे सारे परदेशातल्या माश्यांचे झाले. आपल्या गोठ्यात याचे काय काम? तर काम आहे, आणि ते जिवाशी निगडित आहे.

भारताच्या ग्रामीण सपाट प्रदेशात हिवताप पसरवणारा मुख्य डास म्हणजे ‘ॲनोफिलिस क्युलिसिफेसीस’. दिवसा हा गाईगुरांच्या गोठ्यात भिंतीला बसलेला सापडतो. अनेक दशके त्याला एकच जाती समजत. १९८० मध्ये ग्रीन आणि माइल्स या शास्त्रज्ञांनी त्याच्या मोठ्या, पट्टेदार गुणसूत्रांत सुलट-उलट तुकड्यांच्या दोन मांडण्या असल्याचे दाखवले. येथे त्यांचा तर्क पाहा, कारण तो कोणत्याही शाळकरी मुलाला समजेल इतका सरळ आहे. एकाच ठिकाणी दोन्ही मांडण्यांचे डास निम्मेनिम्मे असतील आणि ते आपसांत मुक्तपणे जुगत असतील, तर पुढच्या पिढीत सुमारे निम्मे डास मिश्र जोडीचे, म्हणजे एक सुलट व एक उलट असे निघाले पाहिजेत. हिशेब नाण्यांच्या दोन फेकींचाच आहे. प्रत्यक्षात मिश्र जोडीचे डास जवळजवळ सापडलेच नाहीत. अर्थ एकच. एकाच भिंतीवर बसणारे हे डास आपसांत जुगत नव्हते. डोळ्यांना एक दिसणाऱ्या त्या दोन जाती होत्या.

पुढे दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातील सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम देशभर नेले. आज या डासाच्या अ, ब, क, ड, इ अशा पाच जाती ओळखल्या जातात. त्यांपैकी ‘ब’ जाती हिवताप पसरवण्यात अगदी दुबळी आहे, तर इतर जाती तो पसरवतात. डीडीटी सोसण्याची त्यांची ताकदही सारखी नाही. कोणत्या गावी कोणती जाती अधिक आहे हे न पाहता नुसते डास मोजले, तर जेथे धोका कमी तेथे फवारणीचा खर्च होईल आणि जेथे धोका अधिक तेथे हयगय होईल. उलट्या तुकड्यांमुळेच या जाती वेगळ्या झाल्या असे मात्र यावरून म्हणू नये. खूण म्हणजे कारण नव्हे. पण गुणसूत्रे केवळ मोजली असती तर ही खूण कधीच हाती लागली नसती. पाचही जातींत ती सारखीच, सहा!

आपण काय करावे?

तेव्हा माझे मत असे. गुणसूत्रांच्या संख्येचे कोष्टक पाठ करून घेणे आणि त्यावरच गुण देणे आपण कमी करावे. मोजणे हे विज्ञानाचे पहिले पाऊल आहे, हे पदार्थविज्ञानाचा शिक्षक म्हणून मी कधी नाकारणार नाही. पण पहिल्या पावलावरच थांबणाऱ्याला प्रवासी म्हणत नाहीत. ‘घोड्याची गुणसूत्रे किती?’ या प्रश्नाऐवजी ‘त्रेसष्टचे खेचर वांझ आणि पासष्टचे शिंगरू प्रजननक्षम, असे का?’ हा प्रश्न फळ्यावर लिहावा. उत्तर शोधताना मुले अर्धगुणसूत्री विभाजन आपोआप शिकतील.

दुसरे असे की या साऱ्या आकड्यांना अर्थ येतो तो उत्क्रांतीमुळे. साठ, अठ्ठावन्न, छप्पन्न, चोपन्न ही शिडी आहे हे कळायला त्यांचे पूर्वज एक होते हे ठाऊक असावे लागते. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ असा धडा २०१८ साली आला, हे चांगले झाले. मात्र २०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला. त्याविरुद्ध देशातील अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी जाहीर पत्र काढले. मी त्यांच्या बाजूचा आहे. मुलांवरचा भार हलका करायला माझी हरकत नाही. पण उत्क्रांती काढून गुणसूत्रे ठेवणे म्हणजे ओझे ठेवून गाडीचे चाक काढण्यासारखे आहे. दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलाला ही गोष्ट पुन्हा कोणी सांगणार नाही. आणि तोच उद्या शेळ्या पाळणार आहे, फवारणीची गाडी गावात नेणार आहे.

तिसरी गोष्ट आमच्या उस्मानाबादी शेळीची. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होण्यापूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील लातूर, तुळजापूर, उदगीर हा तिचा मूळ मुलूख. उन्हातान्हात निभावणारी, जुळी करडे देणारी. आज वजनाच्या लोभाने तिच्यावर बोअरसारखे बाहेरचे बोकड सोडले जातात. मेंढीपासून तिचे रक्षण निसर्ग करतो. बोअरपासून कोण करणार? दोघांचीही गुणसूत्रे साठ, मांडणीही तीच. मध्ये कसलीच भिंत नाही. काही पिढ्यांत हा वाण विरघळून जाऊ शकतो. संकर करूच नये असे मी म्हणत नाही. पण निवडक शुद्ध कळप जाणीवपूर्वक राखले पाहिजेत. जेथे निसर्गाची भिंत नाही तेथे कुंपण माणसानेच घालायचे असते.

त्या विद्यार्थ्याला आज मी असे सांगेन. शेळी आणि मेंढी यांना त्या सहा गुणसूत्रांनी वेगळे केलेले नाही. वेगळे होण्याच्या लांबच्या वाटेवर जे अनेक बदल घडले, त्यांतले तीन सांधे तेवढे आपल्याला सहज मोजता आले. बाकीचे वाचावे लागतात. पुढच्या सुगीत कळप दिसला की धनगरबाबांना विचारा, शेळ्यामेंढ्या एकत्र ठेवताना त्यांनी आजवर काय काय पाहिले आहे. त्यांनी गुणसूत्रे पाहिलेली नाहीत. पण जनावरांकडे त्यांच्याइतके बारकाईने पाहणारा माणूस तुमच्या वर्गातही सापडणार नाही. जे सांगतील ते वहीत टिपून घ्या आणि आपल्या शिक्षकांना दाखवा. आमच्यासारख्यांनी घाईने मिटवलेले आणखी काही प्रश्न त्यातून उघडतील.